कस्तुरबाईंची पुंजणी

आमच्या बेल्ह्यात धरमचंद शेठच्या दुकानात खतापासून खोबऱ्यापर्यंत सगळं मिळायचं, मुंग्यांची पावडर तेवढी मिळायची नाही. ती ठेवायची नाही, असा त्यांच्या बायकोचा, कस्तुरबाईंचा हुकूम होता. अख्ख्या बाजाराशी हुज्जत घालणारे शेठ घरात मात्र मुकाट असायचे.

कस्तुरबाईंचं घर आमच्या शेजारीच. रोज सकाळी त्या मधल्या कुंपणाशी येऊन लाल मुंग्यांच्या बिळांपाशी पीठ-साखर घालायच्या. स्वतः सारखे उपास करायच्या. शेठाणी वाळत चालल्यात आणि मुंग्या गुबगुबीत होतायत, असं आम्ही हसायचो.

१९९८च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांच्या, दादांच्या, अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं. बैलबाजारात ज्यांचा आवाज या टोकाचा त्या टोकाला ऐकू जायचा, त्यांची वाचा गेली. उकाडा म्हणून आई त्यांची खाट अंगणात टाकायची. एका दुपारी ती धुणं घेऊन परतली, तर दादांच्या पायावर लाल मुंग्या चढलेल्या. पाय हलत नव्हता, पण आग कळत होती. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. ते डोळे मी अजून विसरलेले नाही.

आईने मुंग्या झटकल्या, चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, "भाभी, तुमच्या मुंग्यांनी माझ्या माणसाला फोडून खाल्लं. आता बिळात आधण वतते. लई झालं."

कस्तुरबाई आल्या. दादांचा पाय पाहून त्यांचा चेहरा उतरला. "साळुबाई, वत म्हणायला माझी जीभ वळत न्हाई," त्या म्हणाल्या, "आणि नको म्हणायला तोंड न्हाई. मीच पोसल्यात. मला थोडे दिवस दे."

आईने पातेलं उतरवलं. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पीठ रोज थोडं लांब पडू लागलं. कुंपणापासून चिंचेखाली, तिथून ओढ्याच्या बांधाकडे. आईने खाटेखालचे भाकरीचे कण झाडले, लोंबती गोधडी वर खोचली, खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्यात पडलेली मुंगी कस्तुरबाई काडीने बाहेर काढायच्या. आई कपाळाला हात लावायची.

आणि दुपारी त्या पुंजणी घेऊन यायच्या. किडामुंगी न मारता बाजूला सारायची जैनांची मऊ लोकरीची झाडणी. दादांच्या पायथ्याशी बसून त्यांच्या पायावरून ती फिरवायच्या आणि कुणाचा बैल कितीला गेला, ते दुकानात ऐकलेलं सांगायच्या. आम्हाला दादांशी बोलणं सुचत नसे. त्यांना सुचायचं.

पावसाळ्याच्या तोंडाशी मुंग्यांनी अंगण सोडलं. कस्तुरबाई यायच्या थांबल्या. दादा मात्र दुपार झाली की फाटकाकडे डोळे लावायचे. घास तोंडात तसाच राहायचा.

आई शेवटी दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"भाभी, मुंग्या गेल्या."

"व्हय, बघितलं."

"तरी पुंजणी घेऊन येत जा. ते वाट बघत्यात."

त्या दुपारी कस्तुरबाई आल्या. एकही मुंगी नसलेल्या त्या पायावरून सावकाश पुंजणी फिरवत त्यांनी बाजार सांगायला सुरुवात केली, आणि दादांनी डोळे मिटून घेतले.