नाल्यातली कण्हेर

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात बनाबाई राहते. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण चाळीस वर्षं बकऱ्यांमागं रान तुडवलंय. पाल्याच्या बाबतीत गावात तिचा शब्द शेवटचा. बाईला त्याची थोडी ऐट होतीच, खोटं कशाला बोला!

तिची कसोटी साधी. अनोळखी पाला आधी चांदीपुढे, म्हणजे आपल्या गाभण बकरीपुढे धरायचा. तिनं तोंड फिरवलं की पाला बाद.

यंदा उन्हाळ्यात नाल्याकाठी लांबट पानांचे हिरवेगार फुटवे दिसले. जेसीबीनं नाला खोल करताना झुडपं मोडली होती, त्यांना फुटलेले. फूल एकही नाही. बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात ऊन चढलेलं. तिनं दोन भारे कापले आणि एक शेजारच्या वच्छलाबाईला दिला. चांदीनं पाला हुंगून तोंड फिरवलं. गाभण आहे, नखरे करते, म्हणत बाईनं भारा तिथंच टांगला. दुसऱ्या दिवशी तोच सुकलेला पाला चांदीनं खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली होती.

"साप चावला असन," लोक म्हणाले.

बनाबाई उरलेली फांदी चाचपत बसली. एका जागी तीन पानं, जाड, मधोमध ताठ शीर. कण्हेर! कोणीतरी अंगणातली उपटून नाल्यात फेकली आणि ती तिथं रुजली. कण्हेर अंगणातच असते, या समजुतीनं बाईला फसवलं. सुकल्यावर बकरी ती खाते, विष मात्र तसंच राहतं.

सापाचं नाव पुढे केलं असतं तर बाईचं नाव राहिलं असतं. पण वच्छलाबाईकडचा भारा? बाई अनवाणीच धावली. वच्छलाबाईनं भारा तसाच बांधून ठेवला होता, आता ती दोरी सोडतच होती.

"नको टाकू व! कण्हेर हाय ते. मले ओयखू नाही आली. माही चांदी म्याच मारली."

अंगणात चार बायका होत्या. बनाबाई आणि वच्छलाबाईनं मिळून भारे खोल पुरले.

आता आपल्याला कोणी विचारणार नाही, असं बाई धरूनच चालली होती. आठवडाभरानं वच्छलाबाई एक फांदी घेऊन दारात उभी.

"बनाबाई, हे चालन का व बकरीले?"

बाईनं फांदी हातात घेतली नाही.

"तू पाह्य, वच्छला. मी सांगतो कसं पाह्याचं ते. माह्या एकटीच्या भरवशावर नको राहू."