रंगवलेल्या पत्र्यावरचं अर्थिंग

संप सुरू झाला तेव्हा माझे वडील परळच्या एका गिरणीत वायरमन होते. तो संपला असं कुणी अधिकृतपणे सांगितलं नाही. त्यामुळे पुढची वीसेक वर्षं दादरच्या एका सोसायटीत वॉचमनकी करूनही ते स्वतःला वायरमनच म्हणवत.

मग लालबागच्या एका गॅरेजवाल्याने जुन्या मोटारीत नव्या तऱ्हेचं इंजिन बसवायला घेतलं. याला कार्बोरेटर नव्हता. पेट्रोल किती फवारायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. त्यातून निघालेला वायरींचा गुंता पाहून गॅरेजातल्या सगळ्यांना अचानक दुसरी कामं आठवली. वडिलांनी काम मागून घेतलं. दसऱ्याला गाडी चालू झाली तर गॅरेजात नोकरी, नाहीतर पुन्हा सोसायटीचं गेट, असं ठरलं.

वायरिंगचा नकाशा इंग्रजीत होता, म्हणून तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात मराठी शिकवत असे. तीन आठवडे मी वायरींचे रंग वाचत होतो, ते जोडत होते. दोघांपैकी कळत त्यांनाच होतं.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रं घासून, रंगवून पुजत. त्याच सवयीने वडिलांनी शेवटच्या वायरी आवळण्याआधी बॉनेटखालचा सगळा पत्रा ऑइलपेंटने रंगवला. चांगले दोन हात दिले.

दसऱ्याला गॅरेजवाल्याने एक पुढारी आणला. संपाच्या काळात तो कामगारांना काय सांगत होता, तो विषय कुणी काढला नाही. गिरणी कामगाराच्या हातातल्या कलेवर तो बोलला आणि त्याने नारळ फोडला. वडिलांनी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन पेटलं नाही. खोबरं वाटून संपलं तरी पेटलं नाही.

"काका, राहू द्या आता," गॅरेजवाला म्हणाला. "मी दुसरा माणूस बघतो."

वडिलांनी टेस्ट लॅम्प उचलला. इतका वेळ त्याची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला होती, त्यामुळे जिथे सप्लाय होता तिथे तो पेटत होता. आता ती त्यांनी कॉम्प्युटरचं अर्थिंग, म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे परत जाणारी वायर, ज्या बोल्टखाली होतं, त्या बोल्टला लावली. दुसरं टोक सप्लायला धरलं, तरी दिवा पेटला नाही. रंगातून वीज जात नाही, हे शिकाऊ वायरमनलाही ठाऊक असतं. त्यांनी ब्लेडने बोल्टखालचा रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला. इंजिन पहिल्या फिरकीला पेटलं.

काय झालं होतं, गॅरेजवाल्याने विचारलं. अशा वेळी 'लूज कनेक्शन' म्हणण्याची या धंद्यात सोय आहे. त्यांनी ती वापरावी असं मला फार वाटत होतं.

"अर्थिंग रंगावर घेतलं मी," वडील म्हणाले. "माझी चूक."

आणि चालू इंजिन बंद करून ते रंग खरवडायला अर्थिंगचे बाकीचे बोल्टही सोडू लागले. फेरी मारायला तयार असलेल्या पुढाऱ्याला त्यांनी तासभर लागेल म्हणून सांगितलं. तो थांबला नाही.

गॅरेजवाला थांबला. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर त्याने वडिलांना विचारलं, उद्यापासून कपडे अडकवायला कुठली खुंटी चालेल.

"पंख्याजवळची," वडील म्हणाले.