प्रभुणे वहिनींना न दाखवलेल्या चकत्या

बहारीनमधल्या आमच्या, शुक्रवारच्या सुट्टीला जमणाऱ्या मंडळींचे किस्से कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत, ते आपोआप साठत गेले. मंडळी म्हणजे किती, तर तिघं! सनाबिसचे प्रभुणे, मूळ पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर. वसईचा डिमेलो, सलमानियाच्या हॉस्पिटलात एक्सरे काढतो. आणि मी, हूऱ्यात राहणारा अकाउंटंट. तिघांना एकच खूळ, जुने जपानी त्सुबा. त्सुबा म्हणजे तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामधली लोखंडी चकती. तलवार नाही हं, नुसती चकती!

पूर्वी हे किस्से सांगताना हसून हसून पोट दुखायचं. प्रभुणे वहिनी गेल्या आणि ती मजा गेली. त्या बाईनं नवऱ्याकडे एकच हट्ट धरला होता, "तुम्हाला त्या लोखंडात काय दिसतं, ते एकदा शेजारी बसवून मला दाखवा."

*

प्रभुण्यांचं एक पार्सल कस्टम्समध्ये अडकलं. ऑफिसरनं विचारलं, "ये क्या है?" प्रभुणे पडले सत्यवचनी! म्हणाले, "तलवार का पार्ट."

"तलवार किधर?"

"तलवार मफी." मफी म्हणजे नाही, इथली कामचलाऊ अरबी.

"तलवार मफी, तो पार्ट क्यों?"

शेवटी डिमेलो पुढे झाला, "सर, इनकी वाइफ भी यही पूछती है!"

ऑफिसर खो खो हसला. "खलास, यल्ला, ले जाओ!"

*

त्सुबा बघायची एक रीत असते. खाली पांढरं सुती कापड, हात कोरडे, बोटातली अंगठी काढलेली. आणि चकतीवर तोंड करून बोलायचं नाही, थुंकीचा बारीकसा शिंतोडाही लोखंडाला खातो. बहारीनची दमट हवा आधीच वैरीण!

वहिनी कांदेपोहे घेऊन यायच्या आणि दारात थांबायच्या. "मलाही दाखवा की."

"अगं, हात ओले आहेत तुझे."

पुढच्या शुक्रवारी त्या पदराला हात कोरडे करून आल्या. तर प्रभुणे म्हणाले, "डिमेलोचं होऊ दे, नंतर." मग चहा आला, मग बिल्डिंगचा वॉचमन आला, आणि ते राहूनच गेलं. तो 'नंतर' आठवला की आता माझाच जीव तुटतो.

*

प्रभुण्यांची लेक इरा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. एकदा चकती लांबूनच बघून म्हणाली, "बाबा, बेसिकली इट्स अ वॉशर, ना?"

प्रभुणे भडकले. इंजिनिअरच्या घरात हे ऐकायचं म्हणजे काय! वहिनी आतून ओरडल्या, "वॉशर असता तर बाथरूमचा नळ तरी गळायचा थांबला असता!"

*

खंडेनवमीचा किस्सा तर पुण्यापर्यंत पोचला. त्या दिवशी शस्त्रं स्वच्छ करून पुजायची. घरात शस्त्र म्हणावं असं काय, तर चकत्याच! प्रभुणे साइटवर गेलेले. वहिनींनी कपाटातून एक काढली, चिंच आणि मीठ लावून लख्ख घासली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

प्रभुणे आले आणि फूल बाजूला करून बघू लागले. "अगं, तीनशे वर्षांचा रंग होता तो लोखंडाचा!"

"तीनशे वर्षं कुणी घासलंच नव्हतं, म्हणून मीच घासलं!"

आम्ही गडाबडा लोळलो. प्रभुणे मात्र हसले नाहीत. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या खिशात गेली. वहिनी त्यानंतर दारात थांबेनाशा झाल्या. पोहे टीपॉयवर ठेवायच्या आणि निघून जायच्या. एका शब्दानं त्यांना परत बोलवायला काय जात होतं, सांगा बरं!

*

वहिनींच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही वॉर्डात गेलो. प्रभुण्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून स्वतःची सगळ्यात लाडकी चकती आणली होती. लव्हाळ्यावरून उडणारी बगळ्यांची रांग, लोखंडात आरपार कोरलेली. आम्ही तिघांनी ती भिंग लावून इतक्यांदा पाहिलेली की डोळे मिटून कागदावर काढली असती.

प्रभुणे खाटेवर वहिनींच्या शेजारी बसले आणि घाईघाईनं सुरू झाले. लोखंड कुठलं, कारागिराचं घराणं कुठलं, कडा अशीच का ठेवली.

"ते राहू द्या हो. द्या इकडे."

वहिनींनी चकती हातात घेतली. सलाइनचा हात आखडत खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सगळे पुढं बघतायत. हा एकटाच मागं वळून बघतोय."

डिमेलोनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो. खरंच होतं!

प्रभुण्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, चकती जवळ धरली, लांब धरली.

"कुठे गं? मला नाही दिसत."

"आधी डोळे पुसा," वहिनी म्हणाल्या.