अकरा दिवसांचं शून्य

सलग अकराव्या दिवशी मी तक्त्यात शून्य लिहिलं आणि मेजरना पाठवून दिलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"सिस्टर, युवर साइड इज क्लीन. मग माझी पोरं आजारी पडतायत कशानं?"

त्यांची पोरं म्हणजे सैनिक. ओमानमधल्या बरका गावापासून तासाभराच्या अंतरावर एका परदेशी सैन्याचा तळ होता, सरावासाठी आलेला. कुठल्या देशाचा ते सांगणार नाही अशी सही मी करून दिली आहे, म्हणून सांगत नाही. मेजर त्यांचे डॉक्टर. आमची कंपनी तळावर जेवण, धुणं आणि सफाई पुरवायची आणि मी कंपनीची नर्स. मूळची मालवणकडची, ओमानात नऊ वर्षं झालेली.

फ्लूचे दिवस होते आणि आम्हा दोघांकडे सर्व्हेलन्सचं काम होतं. सर्व्हेलन्स म्हणजे आजारावर ठेवलेली पाळत. रोज सकाळी कामगारांची बस बरकातल्या त्यांच्या राहत्या कॅम्पवरून तळाच्या गेटवर यायची. मी प्रत्येकाच्या कपाळासमोर थर्मामीटरचं पिस्तूल धरायची. ताप अडतीसच्या वर, म्हणजे आपल्या घरगुती मापात शंभराच्या जरा पुढे, आणि जोडीला खोकला, असं दोन्ही असलं तरच माणूस यादीत जायचा. नुसता खोकला मोजायचा नाही, कारण तिथल्या धुळीनं तो कोणालाही होतो. मेजर सैनिकांची अशीच यादी करत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की साथ कुठून कुठे चाललीय ते कळतं. याद्या खऱ्या असतील तर.

मेजरच्या यादीत चौतीस नावं झाली होती. माझ्या यादीत एकही नाही. साहजिकच त्यांनी ठरवलं की आजार नुकत्याच आलेल्या नव्या तुकडीनं बरोबर आणला. ती तुकडी वेगळ्या तंबूंत हलवली. मेस मात्र चालूच ठेवली. आमची माणसं काउंटरमागे उभी राहून तिन्ही वेळा वाढत होती.

आता सदानंदचं सांगायला हवं. मेसमधला हेड कुक. बावन्न वर्षांचा, अंगात डायबिटीस, देवगडच्या बाजूचा. पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून त्यानं विचारलं होतं, "ताई, तुमी खयच्या?" त्यानंतर माझ्या डब्याची काळजी त्यानं घेतली. तळावर सैनिकांसाठी पास्ता उकळायचा आणि माझ्यासाठी गुपचूप सोलकढी. परदेशात आपल्या गावाकडचं कोणी असं भेटलं की आपण सैल होतो. मी तर फारच सैल झाले.

त्या अकरा दिवसांतल्या पहिल्या सकाळी पिस्तुलावर त्याचा आकडा आला अडतीस पॉइंट एक. नाक वाहत होतं, खोकला होता. मी पेन उचललं. तो हळूच म्हणाला, "ताई, आज लिवू नकात. दोनदा लिवलेला आसा."

कंपनीचा नियम होता. तीनदा अनफिटचा शिक्का बसला की गेट पास रद्द आणि माणूस विमानात. नियम कोणी केला होता माहीत नाही, पण आजारी माणसाला खोटं बोलायला शिकवण्याची याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

"दोन म्हयने रवले," सदानंद मुलीच्या लग्नाचं सांगू लागला. "मे म्हयन्यात चेडवाचा लगीन आसा. आता पास गेलो तर माका कोण उभा करतलो?"

मी त्याला बाजूला बसवलं. पॅनाडॉलची, म्हणजे तिकडच्या पॅरासिटामॉलची, एक गोळी दिली. तासाभरानं पुन्हा पिस्तूल धरलं. सदतीस पॉइंट दोन. कागदावर तो फिट झाला. वर मी त्याला म्हटलं, "तसंच वाटलं तर निघतानाच एक गोळी घेऊन येत जा."

आपण एक चांगलं काम केलं असं मला त्या दिवशी वाटलं. खरंच वाटलं. गोळीनं ताप उतरतो, आजार जात नाही, त्या माणसाच्या खोकल्यातून तो तसाच पसरत राहतो, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

मेजरच्या त्या फोननंतर दुपारी मी सामान आणायला बरकाला गेले. कॅम्पच्या कोपऱ्यावर एका मलबारी माणसाचं दुकान आहे. माझंच डोकं दुखत होतं, म्हणून गोळ्या मागितल्या.

"पॅनाडॉल खलास, सिस्टर," तो म्हणाला. "सब कॅम्पवाला लेके गया. दस दिन से यही चल रहा है."

मी दुकानात उभीच राहिले. बसमधून उतरताना माणसं खोकत होती हे मी रोज ऐकत होते. पिस्तूल सगळ्यांना फिट म्हणत होतं आणि मी पिस्तुलाचं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर थांबलेच नाही. बस सुटायच्या तासभर आधी थेट कॅम्पवर गेले. माणसं दात घासत होती, चहा घेत होती. दीपक नावाचा यूपीचा डिशवॉशर पहिला सापडला. अडतीस पॉइंट नऊ. त्याच्या शेजारचा एकोणचाळीस. त्याच्या पलीकडचा पुन्हा अडतीसच्या वर.

दीपक चिडला. "सिस्टर, अभी क्यों चेक करते हो? गोली तो खाने दो पहले."

"कसली गोली?"

"आपही का तो बताया हुआ है. सदाभाई बोला, सिस्टर का तरीका है, गाडी में बैठने से पहले एक गोली. पूरा कॅम्प वही करता है."

कोणाला फसवायचं म्हणून नव्हे, सिस्टरनं सांगितलं म्हणून सगळे गोळी खात होते. सदानंद सज्जन माणूस. स्वतःला मिळालेली सोय त्यानं एकट्यानं वापरली नाही, सगळ्यांना वाटली.

"सदाभाई कुठे आहे?"

"रूम में. आज उठा नहीं."

तो खालच्या बंकवर भिंतीला टेकून बसला होता, कारण आडवं झालं की दम लागत होता. ओठ निळसर. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली तर एकोणऐंशी. निरोगी माणसाचा आकडा पंचाण्णवच्या वर असतो. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तेवढ्यात त्यानं माझा हात धरला.

"ताई," तो म्हणाला, "आज लिवलात तरी चलात."

लिहिलं. त्याच्यासह सव्वीस नावं लिहिली आणि यादी मेजरना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, "अकरा दिवस मी चुकीच्या तंबूकडे बघत होतो." मेस त्याच सकाळी बंद झाली. सैनिकांना पाकिटातलं अन्न सुरू केलं. त्यांच्या दोन सैनिकांना विमानानं मायदेशी न्यावं लागलं. एकाच्या फुप्फुसांचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, भीती वाटली.

मग रिपोर्ट. "यादी चुकीची का आली?" असा रकाना असतो. मी लिहिलं: नर्सनं एका कामगाराला गेटआधी गोळी घ्यायला सांगितलं, इतरांनी तेच केलं. तीन शिक्क्यांच्या भीतीनं केलं.

कॅम्प मॅनेजर डिसोझा, मंगलोरचे, रिपोर्ट घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. "सिस्टर, ये लाइन काट दो. लिखो, वर्कर्स ने छुपाया. बस."

"त्यांनी छुपाया नाही, सर. माझं ऐकलं."

"आपकी नौकरी जाएगी."

"जाऊ दे."

दिसतं तितकी मी शूर नव्हते. पण ती ओळ खोडली असती तर सगळा दोष हॉस्पिटलात बेशुद्ध पडलेल्या सदानंदवर गेला असता, आणि तेवढी निर्लज्ज मी अजून झाले नव्हते. नोकरी गेली नाही. वॉर्निंग लेटर मिळालं आणि बदली सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर झाली. तीन शिक्क्यांचा नियमही महिन्याभरानं रद्द झाला. सदानंद तोपर्यंत राहिला नव्हता. व्हेंटिलेटरवर चौथ्या दिवशी गेला.

त्याच्या बायकोला फोन मी केला. कंपनीचा माणूस हिंदीत बोलला असता, ते मला सोसलं नसतं. सगळं सांगायचं ठरवूनच नंबर फिरवला होता. ती बराच वेळ रडली, मग मीच बोलायच्या आत म्हणाली, "ताई, तुमी होतात म्हणान बरा. ते फोनार नेहमी सांगीत, ताईन माका सांभाळून घेतल्यान."

मी सांगू शकले नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, मॅनेजरच्या तोंडावर बोलले, पण तिला नाही. आजवर नाही. आता हे छापून आलं तर तिच्या वाचनात येईल की नाही कोण जाणे. मुलीचं लग्न पुढे ढकललं, दिवाळीनंतर साधेपणानं झालं. मला पत्रिका आली होती, खाली पेनानं लिहिलेलं, "ताईनी येवचाच." मी गेले नाही.

सोहारच्या गेटवर मी आता आधी विचारते, गोळी घेतली का, आणि मग पिस्तूल धरते. यादीत सलग शून्य आलं की कॅम्पवर जाऊन खोकला ऐकते. आणि रांगेत आपल्या बाजूचा, ओळखीचा माणूस दिसला की पिस्तूल दुसऱ्या नर्सच्या हातात देऊन बाजूला होते.