नवरदेवाची कट्यार

कुडव्याच्या नाक्यावर पोलिसांच्या तपासणीत माझी स्कूटर अडकली होती. तेवढ्यात एका मोटारसायकलवर मागे बसून नवरदेव आला. बाशिंग वाऱ्याने तिरपं झालेलं, पण हातातली कट्यार सरळ उभी, टोकाला लिंबू खोचलेलं.

शिपायाने वीत लावून पातं मोजलं. "मोठं आहे. लायसन नसेल तर जमा कर."

आता काय होतं ते बघायला मी स्कूटर बंदच केली.

नवरदेवाने मूठ आणखी आवळली. "साहेब, हळद लागल्यापासून ही हातातून सोडली नाही. लगन लागल्यावर घ्या ना. मुहूर्त निघून जाऊन राहिला."

शिपायाने घड्याळ पाहिलं आणि तो टांग टाकून त्याच्या मागे बसला. "चल, मंडपातच जप्त करतो."

गाडी सुटली तसा नवरदेवाने मान वळवून विचारलं, "साहेब, ट्रिपल सीटची पावती कोण फाडन?"