बाळंतिणींच्या वॉर्डातली खाट

फायनेसच्या पायाला भिंगरी होती. मलावीतल्या सरोवराकाठच्या एका जिल्हा रुग्णालयात ती सोनोग्राफी करायची, पण खुर्चीवर टेकलेली तिला कुणी पाहिली नव्हती. आज तर दार आणि खाट यांच्यामध्ये तिच्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या. अकराला वीज जायची, दहा-चाळीस झाले होते आणि लामेक पळाला होता.

लामेक सायकलवरून माणसं पोचवणारा गडी. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला तरी ताप हटेना. अंगावर नुसती कातडी उरलेली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नव्हते, म्हणून क्षयाचं औषध कुणी देईना. आता पोटात डोकावून बघायचं, एवढंच उरलं होतं. पण सोनोग्राफीची खाट बाळंतिणींच्या वॉर्डात! रांगेतल्या एका गरोदर बाईनं विचारलं, "कितवा महिना, दादा?" सगळ्या खिदळल्या आणि हा काठी टेकत चालता झाला.

फायनेसला हसू आलं नाही. चार वर्षांपूर्वी तिचा भाऊ ग्रेशम अशाच तापानं गेला, इथून वीस पावलांवरच्या पुरुषांच्या वॉर्डात. तेव्हा ती याच यंत्रावर रोज बाळांची डोकी मोजत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! हातातलं यंत्र जरा वर, डाव्या बरगड्यांखाली नेलं की प्लीहेतला क्षय दिसू शकतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं ते ग्रेशमला पुरल्यावर सहा महिन्यांनी. शिकवणाऱ्यांवरचा तिचा राग अजून गेला नव्हता, स्वतःवरचा तर नाहीच.

ती धावतच फाटकापाशी गेली. आंब्याखाली लामेक धापा टाकत बसला होता आणि त्याची बायको डोरिका त्याचा दंड ओढत होती.

"मी काय पोटुशी आहे तिथं निजायला?" तो खेकसला.

"पोटुशी बाई तुझ्यापेक्षा शहाणी. बोलावलं की येते," फायनेस म्हणाली. "ऊठ, दादा. वीज जाईल."

"त्या बाया संध्याकाळपर्यंत विसरतील रे," डोरिका म्हणाली, "मी विधवा झाले तर जन्मभराची!"

लामेक उठला.

रांग गुपचूप बाजूला झाली. जिनं टोमणा मारला होता, तिनंच झग्यावरून कमरेला गुंडाळलेलं कापड सोडून खाटेवर अंथरलं. फायनेसनं त्याच्या डाव्या कुशीला जेल लावलं, यंत्र फिरवलं. प्लीहेत बारीक बारीक काळे ठिपके दिसले.

"सापडलं!" ती ओरडलीच.

लामेकचा चेहरा उतरला. "वाईट आहे का?"

"वाईट आहे, पण सापडलंय. आजच डॉक्टर क्षयाचं औषध चालू करतील."

तिनं चिठ्ठी लिहिली तोवर पडदा काळा झाला. पोट पुसत लामेकनं विचारलं, "सिस्टर, हे यंत्र नवीनच आलं असेल, नाही?"

"नऊ वर्षं झाली," फायनेस म्हणाली.

वीज दोनला येणार होती. ती वीस पावलं चालून पुरुषांच्या वॉर्डात गेली आणि पहिल्या खाटेपासून विचारत सुटली, "इथं कुणाचा ताप हटत नाहीये?"