आठवी खुर्ची

आमच्या जेसल पार्कच्या सोसायटीचे सेक्रेटरी इतकं हळू बोलतात की ऐकायला पंखासुद्धा थांबतो. बारा वर्षांत त्यांची पापणी लवलेली मी पाहिलेली नाही. एक वाक्य मात्र ठरलेलं: "इंग्रज चुकले हो. लंडनच्या पार्लमेंटात आपल्याला खुर्च्या दिल्या असत्या, तर आजही इथेच असते."

आमच्या सी विंगला पाणी जेमतेम अर्धा तास येतं. रविवारी मीटिंगमध्ये मी असा गरजलो की पार खारी गावातले कावळे उडाले. "पाणी सगळ्यांना सारखं द्या!"

सेक्रेटरींनी शांतपणे कमिटीच्या रांगेत आठवी खुर्ची मांडली. "या, सी विंगचे प्रतिनिधी."

"निम्म्याहून जास्त घरं आमची आणि खुर्ची एकच? माणसं मोजून खुर्च्या दिल्या असत्या, तर लंडनवर आपणच राज्य केलं असतं!"

"माणसं कोण मोजतंय, भाऊ? बसा. चहा घ्या."

बसलो. खुर्ची कोमट होती, जणू आत्ताच कोणी उठून गेलंय. शेजारचे सातही जण एकेकाळी माझ्यासारखेच गरजायचे. आता कोणाचीच पापणी लवत नव्हती.

"सी विंगचं पाणी आहे तसंच ठेवायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

आठ हात वर गेले.

"अहो, काय करताय?" मागून बायको ओरडली.

मी हात खाली ओढत होतो. येत नव्हता.